‘कोल’ ऐकत कोळशाच्या गावांतून

पहिला दिवस : कोलंबस ते चार्ल्स्टन

कॅथी मटेआचा ‘कोल’ हा अल्बम २००८ साली आला. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून मनात होतं, की ही गाणी ज्या डोंगरांतली आहेत तिथं जाऊनच ती एकदा नीट ऐकायची. यंदा ऑक्टोबरात बाबा आमच्याकडे ओहायोला होते. बाबांची सगळी नोकरी वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, बल्लारपूरच्या भुयारी खाणीत झाली. ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारे, म्हणून निवृत्त झाले. त्यांना विचारलं, "बाबा, इथल्या कोळशाच्या गावांकडे जायचं का?" तर म्हणाले, "खाणीत उतरू देतील का?" देतात म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

ज्यांना ही गायिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मटेआ ही ऐंशी-नव्वदच्या दशकातली कंट्री संगीतातली मोठी गायिका. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गायिकेचा मान तिला मिळाला. तिचे दोन्ही आजोबा कोळसा खाणीत कामाला होते. २ जानेवारी २००६ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या सागोच्या खाणीत स्फोट झाला आणि १३ कामगार आत अडकले. जवळच्या चर्चमध्ये जमलेल्या घरच्यांना मध्यरात्रीच्या सुमारास निरोप आला, की १२ जण जिवंत सापडले. घंटा वाजली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. तीनेक तासांनी खरं काय ते कळलं : १२ जण गेले होते, वाचला होता एकच. मटेआला त्या बातमीनं आपलं लहानपण आठवलं. १९६८ च्या नोव्हेंबरात फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ माणसं गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ‘कोल’ त्या दोन बातम्यांमधून आला.

अल्बममधलं एकही गाणं तिनं स्वतः लिहिलेलं नाही, आणि मला हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तिनं इतरांनी लिहिलेली खाणीची गाणी वेचली आणि निर्माता मार्टी स्टुअर्टनं वाद्यं अगदी मोजकी ठेवली : गिटार, मँडोलिन, फिडल. ओहायो नदी ओलांडेपर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "शब्द सगळे नाही कळत मला. पण बाई ओरडत नाही. दुःखाचं गाणं असंच म्हणावं." भीमसेनांवर पोसलेल्या कानांचं हे मत मी लगेच मनात लिहून ठेवलं.

वाटेत क्रॉस लेन्स लागलं. मटेआ इथं वाढली. हमरस्त्यालगतचं साधं उपनगर आहे, थांबून पाहावं असं काही नाही. चार्ल्स्टनला सोनेरी घुमटाच्या विधानभवनाच्या आवारात खाण कामगाराचा पुतळा आहे, तो संध्याकाळी पाहिला. मुक्काम तिथंच.

दुसरा दिवस : बेकली आणि व्हाइट्सव्हिल

बेकलीची प्रदर्शनी खाण १९६२ पासून लोकांसाठी खुली आहे. एकेकाळी इथं खरोखर कोळसा निघायचा. आता निवृत्त खाण कामगारच वाटाडे म्हणून लोकांना आत नेतात. रुळांवरच्या बुटक्या गाडीत बसून आत गेलो. आत बारा महिने तापमान १४ अंशांच्या आसपास असतं. स्वेटर घ्या, असं मी सकाळी सांगितलं तर बाबा म्हणाले होते, "खाणीत कुठं थंडी असते?" बल्लारपूरला आत उकाडा आणि घाम, त्यामुळे ही थंडगार खाण त्यांना पहिल्यांदा परकीच वाटली. शिवाय छत इतकं खाली, की जुन्या काळी माणसं कुशीवर आडवी होऊन कोळसा फोडायची. वर्धा खोऱ्यातला थर माणसाच्या कितीतरी पट उंच असतो. बाबा त्या बुटक्या भिंतीकडे बघून म्हणाले, "एवढ्याशा थरासाठी?" आणि पुढं बराच वेळ गप्प होते.

आमचा वाटाड्या सत्तरीच्या पुढचा, आवाज खोल आणि बोलणं सावकाश. एका ठिकाणी गाडी थांबवून त्यानं लोखंडी पहार घेतली आणि छतावर ठोकली. टणक, घंटेसारखा आवाज आला. चार पावलं पुढं जाऊन परत ठोकली, तर या वेळी आवाज बद्द आला. तो समजावून सांगणार, तेवढ्यात बाबा मराठीतच म्हणाले, "पोकळ बोलतंय. इथं उभं राहायचं नाही." मी भाषांतर केलं. वाटाड्यानं बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडणार नाही अशी टोपी जराशी वळवली, त्यांना नीट पाहिलं आणि विचारलं, किती वर्षं? त्यानंतरची फेरी बाकीच्या प्रवाशांसाठी कमी आणि बाबांसाठी जास्त होती.

मग त्यानं ज्योतीचा सुरक्षा दिवा काढला. हा दिवा बाबांनी आयुष्यभर वापरलेला. ज्योत बारीक करून छताजवळ न्यायची. मिथेन असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते, आणि टोपीच्या उंचीवरून वायू किती टक्के आहे ते कळतं. बाबांनी दिवा हातात घेतला आणि सवयीनं हळूहळू, वाकडा न करता वर नेला. झटक्यात वर नेला की विझतो, हे त्यांनी मला तिथं दाखवून दिलं. लहानपणापासून बाबा ‘ड्युटीवर’ जाताना बघितले होते. ती ड्युटी म्हणजे हाताची कोणती हालचाल, हे मी परक्या देशातल्या खाणीत पहिल्यांदा पाहत होते.

अल्बममध्ये ‘कोल टॅटू’ नावाचं गाणं आहे. खाणीत जखम झाली आणि तीत कोळशाची भुकटी राहिली, की वर कातडी धरते पण निळसर रेघ आयुष्यभर राहते. वाटाड्यानं भुवईच्या वरची आपली रेघ दाखवली. बाबांनी बाही वर सारली. कोपराच्या खाली त्यांनाही आहे. मी ती जन्मापासून बघत आले आहे, आणि तिच्यावर कुणी गाणं केलं असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. गाणं आहे काम गेलेल्या माणसाचं. खाण सुटली, युनियनसाठी झगडला, आता गावोगाव काम शोधतोय आणि अंगावर ही खूण तेवढी उरली आहे.

ते लिहिलं बिली एड व्हीलर यांनी, आणि त्यांचा जन्म आमच्या पुढच्या मुक्कामाचा, व्हाइट्सव्हिलचा. अल्बममधली आणखी दोन गाणी त्यांचीच आहेत. ‘कमिंग ऑफ द रोड्स’ हे मला त्यांतलं सर्वांत आवडतं : डोंगरात रस्ते आले, रस्त्यांवरून यंत्रं आली, डोंगर चिरले गेले आणि प्रेमाचं माणूसही त्याच रस्त्यानं निघून गेलं. बेकलीहून ३ नंबरचा रस्ता कोल रिव्हरच्या काठाकाठानं जातो. खालून डोंगर हिरवेगार दिसतात. फोनवर नकाशाचं उपग्रहचित्र उघडलं तेव्हा कळलं, की कडेच्या रांगेमागे कोळशासाठी माथे उडवलेल्या डोंगरांचे करडे पट्टे पसरले आहेत.

याच रस्त्यावर माँटकोल लागतं. ५ एप्रिल २०१० ला इथल्या अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार गेले. ‘कोल’ येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. व्हाइट्सव्हिलमध्ये रस्त्यालगत काळ्या ग्रॅनाइटचं लांबलचक स्मारक आहे, त्यावर २९ माणसांच्या छायाकृती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. बाबांनी नावं वाचली नाहीत. त्यांनी विचारलं, "स्टोन डस्ट मारत नव्हते का?"

प्रश्न नेमका होता. खाणीतली कोळशाची भुकटी पेटू नये म्हणून तिच्यावर चुनखडीची पूड मारायची असते. इथं कापणी यंत्राची ठिणगी पडून थोडा मिथेन पेटला. तो तिथंच विझू शकला असता. पण चुनखडी पुरेशी मारलेली नव्हती, यंत्रावरचे पाण्याचे फवारे धड नव्हते, हवा खेळती नव्हती. भुकटी उडाली आणि आग बोगद्यांमधून दूरवर पळाली. चौकशीत हेही निघालं, की धोक्यांच्या नोंदींची एक वही कंपनीपुरती होती आणि सरकारी निरीक्षकांना दाखवायची वेगळी. कंपनीच्या प्रमुखाला सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल एक वर्षाची कैद झाली. मी हे सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "ओव्हरमनला माहीत असणार. रोज माहीत असणार." संध्याकाळी विल्यमसनला पोचेपर्यंत त्यांनी गाणी लावू दिली नाहीत.

तिसरा दिवस : विल्यमसन आणि मेटवान

विल्यमसनमध्ये ६५ टन कोळशाच्या चिऱ्यांनी १९३३ मध्ये बांधलेलं एक घर आहे. काळं, चकचकीत. सकाळी ते पाहून मेटवानला गेलो.

मेटवान म्हणजे टग फोर्क नदीकाठची एक गल्ली आणि रूळ. १९ मे १९२० ला इथं गोळीबार झाला. युनियनमध्ये गेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना कंपनीच्या घरांतून सामानासकट बाहेर काढायला बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर एजन्सीची माणसं आली होती. गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूनं उभा राहिला. एजन्सीचे सात, दोन कामगार आणि महापौर असे दहाजण मेले. पुढच्या वर्षी हॅटफील्डला कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर गळ्यात लाल रुमाल बांधून सुमारे दहा हजार कामगार ब्लेअर माउंटनवर चालून गेले आणि सरकारनं लष्कर आणलं. विटांच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात.

२०१५ मध्ये सुरू झालेलं खाणयुद्धांचं संग्रहालय छोटं आहे, पण फार मनापासून मांडलंय. बाबा कंपनीच्या नाण्यांपाशी रेंगाळले. पगार या नाण्यांत, आणि ती चालणार फक्त कंपनीच्या दुकानात. घर कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. अल्बममधल्या माणसांना आपली गावं सोडता का येत नाहीत, याचं उत्तर त्या काचेच्या पेटीत होतं.

चौथा दिवस : केंटकीतलं बेनम आणि लिंच

११९ नंबरच्या रस्त्यानं पाइकव्हिल, जेंकिन्स करत हार्लन काउंटीत शिरलो. घाट वळणावळणाचा आणि मेपलची पानं नुकती लाल होऊ लागलेली. शेजारचा ब्लॅक माउंटन, ४,१४५ फूट, हा केंटकीतला सर्वांत उंच डोंगर.

बेनम आणि लिंच ही कंपन्यांनी वसवलेली जुळी गावं. बेनम इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, लिंच पोलाद कंपनीचं. बेनमला कंपनीच्या जुन्या दुकानातच आता केंटकीचं कोळसा संग्रहालय आहे. २०१७ मध्ये त्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवली, तेव्हा कोळशाच्या संग्रहालयाला सूर्याची वीज म्हणून जगभर बातमी झाली. लोकांना गंमत वाटली. मला तरी त्यात शहाणपण दिसलं : जुनी मोठी इमारत, विजेचं बिल मोठं, पैसे वाचतात. कोळशाची आठवण जपायची तर कोळसाच जाळला पाहिजे असं थोडंच आहे?

लिंच मात्र मनावर बसलं. १९१७ पासून हे गाव उभं राहिलं. हंगेरी, इटलीहून आलेले लोक, अलाबामाच्या खाणींतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं मिळून भरात असताना इथं दहा हजारांच्या घरात वस्ती होती. आज हजारही नाही. दगडी इमारती इतक्या देखण्या, की कुणीतरी कायमचं राहायच्या विचारानं बांधल्यात असं वाटावं. पोर्टल ३१ या जुन्या खाणीच्या तोंडाशी गाडी लावली आणि अल्बमचं पहिलं गाणं लावलं, ‘द एल अँड एन डोंट स्टॉप हिअर एनीमोर’. एल अँड एन म्हणजे लुइव्हिल आणि नॅशव्हिलची रेल्वे. खाण बंद पडली, आता गाडी इथं थांबत नाही, एवढंच गाण्यात आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. भोंगा बंद होणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं.

पण बाबांनी इथं एक अवघड प्रश्न टाकला. "काल हीच बाई गात होती खाणीनं माणसं मारली. आज म्हणते खाण बंद झाली म्हणून रडतोय. मग यांना हवंय काय?" मी दिवसभर याचाच विचार करत होते. अल्बम या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि म्हणूनच तो खरा आहे. ज्या घरात बापाची छाती खाणीच्या धुळीनं निकामी झाली, त्याच घरातल्या मुलाला खाण सुरू राहायला हवी आहे, कारण दुसरा पगार त्या दरीत नाही. मटेआ दोन्ही गाणी एकाच मायेनं गाते आणि कुणाला शहाणं करायला जात नाही.

गाडी न थांबण्याचं गाणं इथल्या लोकांनी एकदा उलटंही करून दाखवलं. २०१९ च्या उन्हाळ्यात एका कंपनीनं दिवाळं काढलं आणि कामगारांचे पगार बुडाले. तेव्हा कामगार कंबरलंडजवळ रुळांवर जाऊन बसले, आणि कोळशानं भरलेली गाडी त्यांनी थांबवली. बायकामुलांसह आठवडेच्या आठवडे तिथं तंबू होते. आम्ही मुक्कामाला परत येताना रूळ लागले, तेव्हा बाबा खाली उतरून थोडं चालून आले.

पाचवा दिवस : हार्लन

‘यू विल नेव्हर लीव्ह हार्लन अलाइव्ह’ हे डॅरेल स्कॉटचं गाणं. हार्लनमधला सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो असं त्यात आहे. तो कवीचा खेळ नाही. बेनमला सकाळी साडेनऊ वाजले तरी ऊन पलीकडच्या उतारावरच होतं, दरीत धुकं. खाणीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला हिवाळ्यात ते दिसतच नसणार.

हार्लनच्या थोडं अलीकडे ब्रुकसाइड. १९७३-७४ मध्ये इथं युनियनसाठी तेरा महिने संप चालला. खाणीच्या फाटकाशी धरण्याला किती कामगार बसतील यावर कोर्टानं बंधन घातलं, तेव्हा घरच्या बायका रस्त्यावर उतरल्या. ऑगस्ट १९७४ मध्ये लॉरेन्स जोन्स या तरुण कामगाराला गोळी लागली आणि तो गेला. मागे तान्हं मूल. त्यानंतर काही दिवसांतच करार झाला. अल्बममध्ये त्याच्या नावाचं गाणं आहे, साय कान यांनी लिहिलेलं. आज केंटकीत युनियनची एकही कोळसा खाण उरलेली नाही. शेवटची २०१४ च्या अखेरीस बंद झाली. हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा पडला. आमच्या घरात युनियनची डायरी देवघराशेजारच्या खुंटीला असायची.

परतताना शेवटचं गाणं लावलं. ‘ब्लॅक लंग’ हेझल डिकन्सचं. त्या याच डोंगरांतल्या, वेस्ट व्हर्जिनियाच्या. खाणीच्या धुळीनं फुप्फुसं काळी पडून त्यांचा भाऊ गेला आणि त्यांनी हे गाणं लिहिलं. मटेआ ते एकही वाद्य न घेता गाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी संशोधनानुसार मध्य अपालाचियात, म्हणजे याच डोंगराळ पट्ट्यात, २५ वर्षांहून जास्त काम केलेल्या दर पाच कामगारांमागे एकाला हा आजार आहे. जाड थर संपले, आता पातळ थरासाठी वरखालचा दगडही कापतात, आणि दगडातली सिलिका फुप्फुसात कोळशापेक्षा वाईट रुतते. म्हणजे हा आजार जुन्या फोटोंतला नाही. चाळिशीतली माणसं त्यानं जायबंदी होताहेत.

बाबांना शब्द सांगितले, मग गाणं पुन्हा ऐकवलं. ते म्हणाले, "श्वास ऐकू येतोय हिचा. पेटी-तबला असता तर झाकला असता. दम लागलेल्या माणसाचं गाणं आहे ना, मग श्वास ऐकू आलाच पाहिजे." या गाण्यावर मी बरंच काही वाचलं होतं, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नव्हतं. मग आपण होऊन म्हणाले, "आमच्याकडे पाच वर्षांनी छातीचा फोटो काढायचे. रिपोर्ट येईपर्यंत तुझी आई जेवायची नाही नीट." हे मला माहीत नव्हतं.

सहावा दिवस : वायपर, हॅझर्ड, परत

व्हाइट्सबर्गला थोडंच थांबलो. १९६९ पासून या भागाची गाणी आणि चित्रफिती जपणाऱ्या ॲपलशॉपची इमारत २०२२ च्या जुलैतल्या पुरात बुडाली होती. चिखलात गेलेल्या फितींपैकी कितीतरी साफ करून वाचवायचं काम या लोकांनी चिकाटीनं केलं.

हॅझर्डच्या अलीकडे वायपर. एल अँड एनचं गाणं लिहिणाऱ्या जीन रिची इथल्या, चौदा भावंडांतल्या शेंडेफळ. १९२२ चा जन्म. खाणीची गाणी त्यांनी स्वतःच्या नावावर न लिहिता ‘थॅन हॉल’ या पुरुषी नावानं लिहिली. ते त्यांच्या आजोबांचं नाव. अशी कडक गाणी बाईच्या नावावर कुणी मनावर घेणार नाही, हे त्यांना कळत होतं. नदी, तिच्या काठानं रूळ, डोंगराला टेकलेली घरं एवढंच गाव आहे. गाणं ऐकताना मी जसं डोळ्यांपुढं आणलं होतं त्याहून पुष्कळ अरुंद दरी. गाडी थांबली नाही तर ते घराघरात ऐकू येणार.

हॅझर्डला जेवायला थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बाबांच्या हातावरची रेघ पाहिली आणि सरळ विचारलं, कुठली खाण? पुढचा तास मी दुभाषी. थर किती फुटांचा, छताला लाकूड की बोल्ट, पाणी किती यायचं, घोडे होते का. बाबांनी पंधरा मीटरचा थर सांगितला तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, फूट म्हणायचंय का? मग त्यांनी हात टेबलाच्या उंचीवर धरून आपला थर दाखवला. बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "त्यांना विचार, गुडघ्यांचं काय केलं." त्यांनी पँट वर करून दोन्ही गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियेच्या खुणा दाखवल्या.

तिथून २३ नंबरचा रस्ता धरला. केंटकीत याचं नाव ‘कंट्री म्युझिक हायवे’ आहे, कारण लोरेटा लिनपासून ड्वाइट योकमपर्यंत कितीतरी गायक याच्या आजूबाजूच्या काउंट्यांतले. याच रस्त्यानं खाणी आटल्यावर हजारो कुटुंबं उत्तरेला, ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांकडे गेली. तो थेट कोलंबसला येतो, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. बाबांना आता सागो आणि फार्मिंग्टनही पाहायचं आहे. परतीच्या विमानाआधी जमवायचं ठरवलंय.